फवारणी पंप दुरुस्ती, खरीप २०२४ : शनिवारच्या नोंदी

१ जून २०२४, शनिवार

मृग आठवड्यावर आलाय. माळ्यावर पडलेले बॅटरी पंप घराघरांतून खाली निघायला लागलेत. समाजमंदिराच्या ओसरीत दुरुस्तीचं टेबल मांडलं. ओसरी तीन बाजूंनी मोकळी आहे, वास कोंडत नाही, म्हणून तीच निवडली. आत खोलीत हे काम करायचं नाही.

टेबलावर मल्टिमीटर, दोन स्क्रू-ड्रायव्हर, आठ-दहाचा पाना, प्लास, पंचवीस वॅटचं सोल्डरिंग, २ मिलिमीटरची ॲलन की, जुने टूथब्रश, एक लिटरचं मापाचं भांडं आणि नायट्राइलचे हातमोजे. सुट्या भागांच्या डब्यात काचेचे फ्यूज, ऑन-ऑफ स्विच, ओ-रिंगा, होज क्लिपा, पाइपाचे तुकडे, दोन-तीन प्रेशर स्विच.

पैशाचं आजच ठरवून भिंतीवर लावलं. मजुरी घ्यायची नाही. फ्यूज, ओ-रिंग, क्लिप आपल्या गटाच्या वर्गणीतून. स्विच आणि प्रेशर स्विच खरेदीच्या भावाने, रोख. बॅटरी, चार्जर आणि अख्खा मोटर-पंप आपण आणून ठेवायचा नाही; ज्याचा पंप त्याने तालुक्याहून स्वतःच्या नावाचं बिल घेऊन आणायचा. वॉरंटीचं कार्ड बिलाशिवाय चालत नाही, आणि बिल आपल्या नावाचं निघालं तर बॅटरी बसली की दुकानदाराशी भांडायला आपणच. दुसरं कारण उधारीचं. खरिपात प्रत्येकाचा पैसा वावरात गेलेला असतो, आणि "कापूस विकला की देतो" हे मनापासूनचंच बोलणं असतं. पण चार बॅटऱ्या उधार गेल्या की ऑगस्टमध्ये, ऐन गरजेच्या वेळी, डब्यात फ्यूजसुद्धा उरत नाही.

८ जून २०२४

आज आलेल्यांपैकी बहुतेक पंपांची तक्रार एकच: "चार्जिंगला लावला, हिरवा दिवा लागला, पण दोन टाक्यांत दम सोडतो." हिरव्या दिव्यावर जाऊ नका. सल्फेट धरलेली (प्लेटांवर थर साचलेली) शिशाची बॅटरी करंट घेतच नाही, म्हणून चार्जरला ती भरल्यासारखी वाटते.

तपासणीचा क्रम असा ठेवला. आधी चार्जर: नुसत्या चार्जरच्या टोकांवर १४ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत. बारा-साडेबाराच दिसले तर बॅटरी कधीच पुरी भरणार नाही, दोष बॅटरीचा नाही. मग बॅटरी. घरी रात्रभर भरून, चार्जर काढून दोन-तीन तास तशीच ठेवून आणायची. १२.७ च्या वर असेल तर ठीक. पुरी भरूनही १०.६ च्या आसपास अडकली असेल तर सहापैकी एक सेल मेला, तिच्यावर वेळ घालवायचा नाही. मधली असेल तर टाकीत साधं पाणी भरून दहा मिनिटं नोझल चालू ठेवायचं आणि चालू पंपावरच व्होल्ट बघायचे. चांगली ८ अँपिअर-अवरची बॅटरी बाराच्या आसपास टिकून राहते. साडेअकराच्या खाली घसरत गेली तर यंदाच्या हंगामाला पुरणार नाही, हे स्पष्ट सांगायचं.

बॅटऱ्या मरतात त्या फवारताना कमी, माळ्यावर जास्त. शेवटची फवारणी झाली की अर्धी रिकामी बॅटरी तशीच पडते ती थेट जूनपर्यंत. तेवढ्यात प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होतो.

दोन गोष्टींना आज नाही म्हटलं आणि पुढेही म्हणायचं. एक, सीलबंद बॅटरीची टोपणं उचकटून पाणी किंवा ॲसिड घालणं. एक-दोन दिवस ती जिवंत झाल्यासारखी वाटते, मग गळते, आणि ती असते माणसाच्या पाठीवर. दोन, इथे रात्रभर चार्जिंगला ठेवून घेणं. कोणी लक्ष द्यायला नसताना दहा बॅटऱ्या एका बोर्डावर लावायच्या नाहीत. लिथियमची बॅटरी फुगलेली दिसली तर तिला इथे हातच लावायचा नाही. उन्हापासून आणि कडब्याच्या गंजीपासून लांब ठेवून विकणाऱ्याकडे परत. शिशाची जुनी बॅटरीही दुकानातच द्यायची, नवीनच्या किमतीत वजावट मिळते.

१५ जून २०२४

आजची नोंद सगळ्यांनी वाचावी, टेबलावर बसणाऱ्यांनी दोनदा.

न धुतलेला पंप उघडायचा नाही. कोणाचाही असो, कितीही घाई असो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. हे औषध नुसतं तोंडावाटे जात नाही, कातडीतूनही शिरतं. पंपाचं डोकं उघडताना व्हॉल्व्हखाली अडकलेलं चमचाभर घट्ट औषध थेट बोटांवर येतं, आणि ते टाकीतल्या मिश्रणाइतकं पातळ नसतं. ओसरीत पोरं खेळतात. दुरुस्ती करणाऱ्याने फुकट काम करायचं ठरवलंय, अंगावर विष घ्यायचं नाही.

धुण्याची रीत: टाकी पाव भरायची, झाकण लावून हलवायची, पाणी गन-नोझलमधून बाहेर काढायचं. असं तीनदा. झाकण उपडं करून त्याची जाळी आणि गळ्यातली चाळणी वेगळी धुवायची. बाहेरून साबणाच्या पाण्याने, पट्टे तर नक्कीच, कारण घाम आणि औषध दोन्ही पट्ट्यांतच मुरतात. हे सगळं वावरात, ज्या पिकावर फवारलं त्याच्याच तासांवर (ओळींवर). विहिरीजवळ नाही, हापशीवर नाही, नाल्यात नाही, आणि समाजमंदिराच्या नळावर तर अजिबात नाही.

पंप आला की झाकण उघडून लांबूनच बघायचं. पाणी घालून हलवल्यावर दुधी झालं किंवा वास आला, तर पंप परत. म्हणायचं एवढंच: "भाऊ, वावरातून धुऊन आणा, नंबर तुमचाच राहील." नंबर राखून ठेवला की वाद होत नाही. आज परत गेलेले पंप दुपारपर्यंत धुऊन आले.

औषधाची बाटली सोबत आणून "हे किती टाकू" असं विचारणारेही येतात. बाटलीवरच्या चौकोनात खालचा त्रिकोण लाल असेल तर सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, एवढं समजावून सांगायचं. मात्रा लेबलवर वाचून दाखवायची. दोन औषधं एकत्र करायचा सल्ला आपण द्यायचा नाही, तो कृषी सहायकाचा किंवा कृषी विज्ञान केंद्राचा विषय आहे.

२९ जून २०२४

सोयाबीन उगवून आलंय, पुढच्या पंधरवड्यात तणनाशकाची धांदल. गटाच्या मालकीचे दोन पंप उसने मागायला लोक येऊ लागले. मागणाऱ्याला नाही म्हणणं जिवावर येतं, तरी हे बारकाईने ठरवावं लागलं, कारण इथे नुकसान एकाचं आणि हयगय दुसऱ्याची असं होतं.

मुद्दा २,४-डी या तणनाशकाचा आहे. धुऱ्यावर, ज्वारीत लोक ते मारतात. पऱ्हाटीला (कपाशीला) त्याचा नुसता अंश चालत नाही. टाकी पाण्याने धुतली तरी पाइपाच्या रबरात आणि गनच्या वायसरमध्ये जे मुरलेलं असतं ते पुढच्या फवाऱ्यात हळूहळू सुटतं. आठ-पंधरा दिवसांत पऱ्हाटीची नवी पानं चिंचोळी, लांबट, बोटांसारखी फाकून येतात. शेतकरी त्याला रोग समजून आणखी एक फवारणी करतो. २,४-डी एस्टर प्रकारचं असेल तर ते अमाइन प्रकारापेक्षाही जास्त चिकटतं, साध्या पाण्यात विरघळतच नाही.

म्हणून दोन पंपांपैकी एकाला टाकीवर, गनवर आणि पट्ट्यावर लाल रंगाचे पट्टे मारले. तो फक्त तणनाशकाचा. दुसरा, बिनपट्ट्याचा, कधीही तणनाशकाला द्यायचा नाही. लाल पंप कपाशीवर कोणी नेणार नाही याची खात्री तोंडी घेऊन भागत नाही. वहीत पीक, औषध आणि सही. एका वेळी एक दिवस. परत येताना धुतलेला आणि बॅटरी भरलेली. तसा आला नाही तर त्या घराला या हंगामात पुन्हा पंप नाही. मग ते सरपंचांचं घर असो की टेबलावर बसणाऱ्याच्या सख्ख्या भावाचं.

घरचा पंप दोन्हीला वापरणाऱ्यांना सांगायचं: धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने टाकी भरून, गनमधून थोडं सोडून पाइपही भरून घ्या, रात्रभर ठेवा, सकाळी सोडून द्या, मग तीन पाणी. एवढं करूनही कपाशीसाठी पाइप आणि गन वेगळी ठेवणं शहाणपणाचं. पाइप-गनचा खर्च एका एकर पऱ्हाटीपुढे काहीच नाही.

१३ जुलै २०२४

तुडतुडे आणि फुलकिडे दिसायला लागले, त्यामुळे गर्दी. सकाळी पंप टाकून "संध्याकाळी नेतो" म्हणून निघून जाणाऱ्यांना आजपासून थांबवलं. ज्याचा पंप त्याने समोर बसायचं आणि स्क्रू त्यानेच खोलायचे. आपण बोट दाखवायचं. वेळ थोडा जास्त जातो, पण तोच माणूस पुढच्या वेळी घरीच चाळणी साफ करून घेतो आणि शेजाऱ्यालाही दाखवतो. गर्दी कमी करायचा दुसरा खात्रीचा उपाय नाही. एका पंपाला वीस मिनिटं. तेवढ्यात दोष सापडला नाही तर चिठ्ठी लावून बाजूला, शेवटी वेळ उरला तर बघू.

सर्वांत जास्त आलेली तक्रार: मोटरचा आवाज येतो, फवारा नाही. इथे लोक घाईने अख्खा पंप बदलतात आणि पैसे वाया जातात. क्रम धरून गेलं तर निम्म्या वेळा खर्च शून्य.

टाकीच्या तळाची चाळणी आधी. पावडरची औषधं नीट न कालवता ओतली की तिथे चिखल बसतो. मग टाकीतून पंपाकडे येणारा पाइप. पारदर्शक असेल तर पंप चालू करून बघा, पाण्यात बुडबुडे धावत असतील तर तो हवा ओढतोय. पाइपाचं टोक कडक होऊन सैल पडलेलं असतं. सेंटिमीटरभर कापा, नवी क्लिप, काम झालं. बुडबुडे नसतील तर पंपाचं डोकं. स्क्रू आलटून-पालटून समोरासमोरचे ढिले करायचे, नाहीतर प्लास्टिक तडकतं. आत रबराचे छोटे व्हॉल्व्ह असतात, त्यांच्या कडेखाली एक कण अडकला तरी पाणी पुढे जायच्या ऐवजी मागे-पुढे होत राहतं. कोमट पाणी, साबण आणि टूथब्रश एवढंच वापरायचं. रॉकेल किंवा पेट्रोल लावलं की रबर फुगतं आणि व्हॉल्व्ह पुन्हा कधी नीट बसत नाही. डायफ्रामला (आतल्या रबरी पडद्याला) चीर दिसली तर डोक्याचा किट मिळतो का ते बघायचं, नसेल तर पंप नवा.

मोटर थांबत-चालत, थांबत-चालत फवारत असेल तर बहुधा नोझल किंवा गनमधली जाळी तुंबलेली असते. दाब चढतो, प्रेशर स्विच पंप तोडतो, दाब उतरला की पुन्हा जोडतो. नोझल काढून चालवा, सुरळीत झालं तर दोष सापडला. तरीही तसंच असेल तर प्रेशर स्विचच्या टोपीवरचा बारीक स्क्रू ॲलन कीने उजवीकडे पाव फेरा, जास्त नाही.

मोटर अजिबात फिरत नसेल तर फ्यूज, मग ऑन-ऑफ स्विच (आतून हिरवा गंज), मग प्रेशर स्विचच्या दोन तारा क्षणभर एकमेकींना टेकवा. मोटर फिरली तर स्विच गेलाय. त्या तारा कायमच्या जोडून द्या अशी मागणी आज आली. हे करायचं नाही. गन बंद केल्यावर दाब तोडणारं काहीच उरत नाही, पाइप फुटतो तो खांद्याजवळ, आणि औषध तोंडावर येतं. रेग्युलेटरचा बोर्ड जळला असेल तर तो वगळून थेट जोडायला हरकत नाही. वेग कमी-जास्त होणार नाही एवढंच.

२० जुलै २०२४

झड लागली आहे, पंप कमी आले. वेळ होता म्हणून सगळ्यांच्या नोझलची मोजणी केली. साधं पाणी, भरलेली बॅटरी, एक मिनिट मापाच्या भांड्यात. त्याच प्रकारच्या नव्या नोझलपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त पाणी आलं तर नोझल झिजलं, बदला. झिजलेल्या नोझलने औषध जास्त जातं आणि थेंब मोठे पडून पानावरून ओघळतं. तार किंवा पिन घालून नोझल साफ करू नका, भोक वाकडं होतं, ब्रश पुरतो. कीटकनाशकाला पोकळ शंकूचं, तणनाशकाला चपट्या पंख्याचं किंवा फ्लड जेट, हेही पुन्हा दाखवलं.

२७ जुलै २०२४

पंपांसोबत आता मिक्सर, टेबलफॅन, इस्त्री, आणि बोअरच्या मोटरचा स्टार्टर आला.

घरातल्या वस्तू हंगाम ओसरल्यावर घेऊ, आत्ता नाही. छताचा पंखा हळू फिरतोय एवढीच तक्रार असेल तर कपॅसिटरवरचा आकडा (बहुधा २.५ मायक्रोफॅरड) वाचून तसाच आणायला सांगायचं.

स्टार्टर आत्ताही नाही आणि नंतरही नाही. तीन फेज ४१५ व्होल्ट, त्यात शेतात ऑटो स्विच लावलेला. लाइट गेली म्हणून माणूस हात घालतो, लाइट रात्री-अपरात्री येते आणि मोटर आपोआप उचलते. परवानाधारक वायरमनलाच बोलवा. ओळखीतलं कोणी "तुम्हाला येतं ना, मग बघा की" म्हणालं तरी उत्तर हेच. काम येतं आणि जोखीम घेता येते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१० ऑगस्ट २०२४

तालुक्याच्या बाजारात पंप दुरुस्त करणारे मिस्त्री आहेत. आपल्या फुकटच्या टेबलामुळे त्यांच्या दुकानात या गावचं गिऱ्हाईक कमी झालंय, हे त्यांनी बोलून दाखवलं आणि ते खरं आहे. आपण वर्षातले काही शनिवार बसतो. त्यांचं घर त्यावर चालतं, आणि जानेवारीत पंप बिघडला तर दार त्यांचंच ठोठवायचं आहे.

त्यांच्याशी बोलून कामाची वाटणी झाली. मोटरचं कार्बन-ब्रश आणि वाइंडिंग, पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाचं इंजिन, क्रँक, पिस्टन हे सगळं त्यांच्याकडे. पेट्रोल पंपाचं आपल्याकडे फक्त तीन गोष्टींपुरतं: प्लग काढून काजळी साफ करणं आणि फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवणं, एअर फिल्टर धुणं, आणि टाकीतलं गेल्या वर्षीचं पेट्रोल काढून टाकणं. जुन्या पेट्रोलचा डिंक कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो, सुरू न होण्याचं नेहमीचं कारण तेच. ऑइलचं प्रमाण कंपनीच्या पुस्तिकेतलं. २५ ला १ असेल तर लिटरला ४० मिलिलिटर, अंदाजाने ओतायचं नाही. ज्याची ऐपत आहे आणि काम मोठं आहे त्याला आपणहून मिस्त्रींकडे पाठवायचं. बदल्यात डोक्याचे किट आणि प्रेशर स्विच त्यांनी आपल्याला घाऊक भावाने द्यायचं कबूल केलं.

३१ ऑगस्ट २०२४

सोमवारी पोळा. बैलांची तयारी चालू असल्याने माणसं कमी, पण आलेले पंप गळके. म्हणून नंबराची पद्धत बदलली: गळणारा पंप सगळ्यांच्या आधी, मग तो कधीही आलेला असो.

गळक्या पंपाचा मालक बहुधा समोर नसतो. पंप मालकाचा, पाठ मजुराची. मजूर स्वतःहून दुरुस्तीला आणत नाही, कारण वायसरचे वीस रुपये कोण देणार हा प्रश्न असतो. अशा पंपाचा गळतीपुरता सगळा खर्च गटाने करायचा, मालकाला नंतर विचारायचं. आपल्याकडे हात सैल सोडायची एकच जागा असेल तर ती ही.

गळती शोधायला पाणी भरून, पंप कोरडा पुसून, जुन्या वर्तमानपत्रावर ठेवायचा. कागद कुठे भिजतो ते बघायचं. झाकणाचं रबर, तळाच्या नळीचा नट, गनच्या मुठीतली ओ-रिंग, पाइपाच्या दोन्ही क्लिपा, एवढ्याच जागा. वाकल्यावरच गळत असेल तर झाकणातला हवेचा बारीक व्हॉल्व्ह. तो काढून भोक बुजवू नका, टाकी आत ओढली जाते आणि फवारा मंदावतो. व्हॉल्व्ह धुवा किंवा झाकण बदला. हातपंपात चामड्याचं वायसर असेल तर रात्रभर गोडेतेलात भिजवून बसवायचं, कोरडं बसवलं की आठवड्यात फाटतं. टाकीच्या तळालाच तडा असेल तर एम-सील या प्लास्टिकवर धरत नाही. ती टाकी बाद. पट्टे, गन, बॅटरी काढून ठेवा आणि टाकीला भोक पाडून भंगारात द्या, म्हणजे त्यात कोणी पाणी किंवा धान्य भरणार नाही.

रात्री फोन आणि घरी बोलावणी वाढली आहेत. फोन संध्याकाळी सात ते आठ, शनिवारी टेबल, घरी जाणं नाही. अपवाद ज्याला पंप उचलून आणता येत नाही त्याचा: एकट्या म्हाताऱ्या काकू, आजारी माणूस. अपवाद कोणाचा करायचा हे दोघांनी मिळून ठरवायचं, एकट्याने नाही, म्हणजे रोष एकावर येत नाही.

२८ सप्टेंबर २०२४

तेच पंप पुन्हा येऊ लागले. आता प्रत्येक पंपाच्या तळाला जाड मार्करने तारीख आणि केलेलं काम लिहितो. चाळणी दुसऱ्यांदा तुंबून आली तर खोलणं, धुणं सगळं मालकाने करायचं, आपण फक्त बघायचं. तिसऱ्यांदा तुंबून आला तर त्याचा नंबर शेवटी. राग नाही, पण दुसऱ्याचे वीस मिनिटं त्यात जातात. नव्या आणि वॉरंटीतल्या पंपाचं सील आपण तोडायचं नाही. "आम्ही केलेल्या कामाची हमी नाही" हे पाटीवर आहेच, तरी पंप परत देताना तोंडानेही सांगायचं आणि पाणी भरून पाच मिनिटं चालवून दाखवायचं.

२६ ऑक्टोबर २०२४

वेचणी सुरू आहे, फवारण्या जवळपास संपल्या. पुढच्या शनिवारी दिवाळी, टेबल बंद. पंप माळ्यावर टाकण्याआधी काय करायचं ते आज सगळ्यांना करून दाखवलं: तीन पाणी, सोड्याचं पाणी, पुन्हा साधं पाणी, मग टाकी उपडी आणि गनचा घोडा दाबलेला, म्हणजे पंपात पाणी उरत नाही. बॅटरीची तार सोडवायची, पुरी भरायची आणि महिन्यातून एकदा रात्रभर चार्जिंगला लावायची. तारीख विसरू नये म्हणून अमावास्या धरा असं सांगितलंय. उंदीर वायर कुरतडतात, पंप टांगून ठेवा.

डब्यातला उरलेला माल: ओ-रिंगा पुरेशा, होज क्लिपा संपल्या, प्रेशर स्विच एक. मेमध्ये मिस्त्रींकडून क्लिपा, दोन प्रेशर स्विच आणि डोक्याचे दोन किट घ्यायचे. लाल पंपाचा पाइप बदलायचा. बिनपट्ट्याच्या पंपाच्या बॅटरीची चाचणी एक जूनच्या आधी.